खाजनाचं एचिंग केलं, आणि पहिला प्रश्न आला: "माड कुठाय?"

तांबेरा

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय. रडगाणं नाही, निदान सुरुवातीला तरी.

मी फोंड्याची. शाळेत चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात मागच्या पडवीत एचिंग करते. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जस्ताची किंवा तांब्याची प्लेट घ्यायची, तिच्यावर मेण-डांबराचा पातळ लेप चढवायचा, त्याला आम्ही ग्राउंड म्हणतो. सुईनं तो लेप खरवडून चित्र काढायचं. प्लेट ॲसिडात टाकली की उघड्या पडलेल्या रेघा तेवढ्या खाल्ल्या जातात. मग लेप पुसायचा, खाचांत शाई भरायची, वरची शाई जाळीच्या कापडानं पुसून काढायची आणि ओलसर कागद ठेवून प्रेसमधून काढायचं. आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवरची कावी आठवा. पांढऱ्या चुन्यावर तांबडा थर, तो खरवडला की खालचा पांढरा दिसतो. हात तोच. पण कावी बघायला देवळात जावं लागतं, आणि एचिंगच्या वीस प्रती वीस घरांत जाऊन बसतात.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला दुर्भाटच्या बाजूच्या खाजनात जाऊन बसत होते. (गोव्याबाहेरच्यांसाठी: खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्याला मातीचा बांध घालून राखलेली सखल शेतजमीन. बांधात मानस असतं, म्हणजे लाकडी दारांचं पाण्याचं फाटक. भरती आली की पाण्याच्या रेट्यानं दारं आपली आपण मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं.) तर ते मानस, बांधाची वाकडी रेघ, पलीकडे नदी आणि वर भरपूर आभाळ, एवढंच चित्र. जस्ताची प्लेट, बारा इंच बाय नऊ. जूनच्या दमटपणात ग्राउंड नीट धरलाच नाही आणि नायट्रिक ॲसिडनं आभाळात जिथं तिथं बारीक टिपके खाऊन टाकले. याला फाऊल बाईट म्हणतात. थोडी रडले. मग प्रूफ, म्हणजे चाचणीची प्रत, काढलं तर ते टिपके चक्क पावसाआधीच्या चिलटांसारखे दिसत होते. ठेवले तसेच.

पणजीत आम्ही सहाजणांनी मिळून छोटं प्रदर्शन लावलं. पहिल्या तासात एक बाई खाजनापुढे थांबल्या, छान म्हणाल्या, आणि विचारलं, "माड कुठाय?" दुसऱ्यांनी विचारलं, समुद्र कुठल्या बाजूला? तिसरे तर म्हणाले, "हे बंगालकडचं वाटतंय." माझंच एक जुनं दूधसागरचं एचिंग कोपऱ्यात होतं, हात बसावा म्हणून केलेलं, मला स्वतःला फारसं न आवडणारं. त्याच्या नऊ प्रती गेल्या. खाजनाची एकही नाही.

विकलं गेलं नाही याचं दुःख आहेच, पण माझा प्रश्न निराळा आहे. गोव्याचा निसर्ग म्हणजे माड, लाट आणि दूधसागर, हे आपल्या डोळ्यांत कुणी घातलं? मला वाटतं हे छापाचं काम आहे. एकच चित्र शेकडो वेळा छापलं की ते चित्र राहत नाही, ती जागाच तशी आहे असं वाटायला लागतं. तुमचं मत?

उगीचच

प्रिंट म्हणजे झेरॉक्सच ना? पळा मी इथून.

तांबेरा

@उगीचच, पडवीत ये एकदा. प्रेसचं चाक फिरवायला लावते. वीस प्रती झाल्या की विचारते झेरॉक्स का ते.

भिंगवाला

विषय आवडीचा निघाला, म्हणून जरा लांबण लावतो.

माडाची हौस नवी नाही. लिन्शोटेन नावाचा डच माणूस १५८३ मध्ये गोव्यात आला, आर्चबिशपच्या पदरी चिटणीस होता, पाचेक वर्षं राहिला. परत गेल्यावर १५९६ मध्ये ॲमस्टरडॅमला त्याचं पुस्तक निघालं. त्यातली ताम्रपटावरची, म्हणजे कोरलेल्या तांब्याच्या प्लेटवरून छापलेली, चित्रं युरोपभर फिरली. जुन्या गोव्याचा गजबजलेला बाजार, पालखीतले साहेब, फळं, झाडं, आणि अर्थातच माड. शेतकरी जोडपंही आहे, पण कपडे दाखवायला उभं केल्यासारखं. पट कोरणारे कारागीर तिकडचेच. ज्यांनी मांडवी कधी पाहिली नाही त्यांच्या हातून गोवा जगाला दिसला.

याहून गमतीची गोष्ट म्हणजे छापखाना देशात पहिल्यांदा आला तो आपल्याकडे, १५५६ मध्ये, जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानं इथल्या औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ मध्ये इथंच छापलं, पण त्यात झाडांची चित्रं नाहीत. ती आली चार वर्षांनी, अँटवर्पला, क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं केलेल्या लॅटिन आवृत्तीत. म्हणजे शब्द इथं छापले गेले आणि चित्रं तिकडे. काखेत कळसा.

मलबारच्या वनस्पतींवरचा तो प्रचंड डच ग्रंथ, 'होर्तुस मलाबारिकुस', १६७८ ते १६९३, बारा खंड, सातशेच्या वर ताम्रपट. त्याच्या कामात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोंकणी वैद्य होते. पहिल्या खंडात त्यांचं कोंकणीतलं, नागरी लिपीतलं प्रशस्तिपत्र कोरून छापलंय. आपल्या लोकांनी ते एकदा तरी बघावं, देवनागरीच्या अगदी सुरुवातीच्या छापील नमुन्यांपैकी आहे. पण चित्रं कशी आहेत? फांदी, पान, फूल, फळ, आणि भोवती पांढरा कागद. झाड आहे, खाली जमीन नाही, शेजारी दुसरं झाड नाही. वैद्याला ओळखायला ते उत्तमच. फक्त झाड असं एकटं बघायची सवय तिथून लागते.

सडेफटिंग

पांढरा कागद म्हणालात आणि माझ्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. मी सड्यांवर हिंडणारा माणूस. सडा म्हणजे जांभ्याचं पठार. उन्हाळ्यात काळं-करपलेलं दिसतं, सरकारी कागदावर पडीक. ऑगस्टमध्ये जाऊन बघा, गुडघ्यावर बसून. सीतेची आसवं, दवबिंदू, तेरडा. सगळं वीतभर उंचीच्या आत. दोन इंच मातीवर जगणारी झाडं. सीतेची आसवं ही किडे खाणारी वनस्पती आहे हे सांगितलं की लोक चमकतात, मग फोटो काढतात, मग त्याच्यावर पाय देऊन पुढं जातात.

सड्याचं चित्र कोण काढतं? उंच काही नाही, उभं काही नाही. चित्रात जे उभं राहत नाही ते वाचत नाही असं माझं कडवट मत आहे. मोप्याच्या सड्यावर विमानतळ झाला, तेव्हा "तिथं होतं काय?" हे मी किती जणांच्या तोंडून ऐकलं म्हणून सांगू.

दर्यावर्दी

मी दुसरी बाजू मांडतो, शिव्या खायची तयारी आहे. बागा-कळंगुटच्या पट्ट्यात माझं फ्रेम आणि भेटवस्तूंचं दुकान आहे, वीस वर्षं. गिऱ्हाईक घरी नेण्यासाठी काय मागतं? जे त्यानं बघितलं ते. खाजन त्यानं बघितलेलंच नाही, तो चार दिवस किनाऱ्यावर होता. त्याला खाजनाचं चित्र विकणं म्हणजे दुसऱ्याच्या लग्नाचा अल्बम दाखवणं.

मी एकदा हौसेनं कोरगुट, म्हणजे खाजनातल्या, भाताच्या शेताची चित्रं ठेवली होती, स्थानिक मुलानं काढलेली. दोन वर्षं भिंतीवर होती, उन्हानं काचेखाली पिवळी पडली. मुलाला ती परत देताना मला लाज वाटली. तेव्हा तांबेराताई, तुमच्या नऊ दूधसागरांची मला काही गंमत वाटत नाही.

भिंगवाला

@दर्यावर्दी, शिव्या कशाला? पण "जे बघितलं ते मागतो" हे उलटंही असतं. जे छापील चित्रात आधी बघितलं तेच माणूस इथं येऊन शोधतो.

इंग्लंडात अठराव्या शतकाच्या शेवटी हे वेडच होतं. गिल्पिन नावाचा पाद्री होता, त्यानं १७८२ मध्ये वाय नदीच्या काठच्या प्रवासाचं पुस्तक काढलं, ॲक्वाटिंटच्या, म्हणजे पाण्याच्या रंगासारखा सूर देणाऱ्या छापाच्या, चित्रांसह. निसर्ग चित्रासारखा दिसला तर तो चांगला, असं त्याचं मोजमाप. टिंटर्न ॲबीच्या पडक्या चर्चच्या भिंतींची टोकं त्याला फारच सरळ वाटली, तर हातोडा घेऊन बेतानं थोडी फोडली तर बरं दिसेल असं त्यानं खरंच लिहून ठेवलंय! लोक काळसर आरसे घेऊन हिंडायचे, देखाव्याकडे पाठ करायची आणि आरशात बघायचं, का तर तो जुन्या चित्रासारखा दिसावा म्हणून. आता आपण काय करतो? देखाव्याकडे पाठ करून फोन वर धरतो.

नायट्रिकनाना

उशिरा आलो. म्हापशाला लाईट नव्हती.

मी मुंबईला जे.जे. कला महाविद्यालयात प्रिंटमेकिंग शिकलो, पुढं चाळीस वर्षं तेच केलं, आता फुप्फुसं नायट्रिकची साक्ष देतात. तेव्हा दोन गोष्टी तंत्राच्या बाजूनं. कारण तुम्ही सगळे छाप छाप म्हणताय, पण कुठला छाप यावर निसर्ग कसा दिसणार हे ठरतं.

रेघेच्या एचिंगला आभाळ जमत नाही. रेघ म्हणजे कडा, आणि आभाळाला कडा नसते. डच चित्रकार रेम्ब्रां १६४३ च्या 'तीन झाडां'त काय करतो ते बघ, एका बाजूला सरळ तिरप्या रेघांचा पाऊस ओढलाय, पट्टी लावल्यासारखा, दुसऱ्या बाजूला कागद मोकळा. धाडस आहे ते. मग अठराव्या शतकात ॲक्वाटिंट आलं. राळेची बारीक धूळ प्लेटवर बसू द्यायची, खालून गरम करून चिकटवायची, ॲसिड कणांच्या मधून खातं आणि छापल्यावर पाण्याच्या रंगासारखा सपाट करडा सूर मिळतो. आता धुकं आलं, दूरचा डोंगर आला, संध्याकाळ आली.

याच तंत्रावर थॉमस आणि विल्यम डॅनिएल या काका-पुतण्यांनी हिंदुस्थान विकला. १७९५ ते १८०८, एकशे चव्वेचाळीस चित्रं. ती घरंदाज साहेबांच्या दिवाणखान्यात गेलीच, शिवाय निळ्या-पांढऱ्या चिनीमातीच्या ताटांवर गेली, फ्रान्सात भिंतीच्या कागदावर गेली. मुंबईजवळच्या लेण्यांपर्यंत ते आले होते. त्यांचं काम मी हातात धरून पाहिलंय, बोलायची सोय नाही, आभाळ असं उतरतं की वास यावा. पण सगळा देश कायम संध्याकाळच्या पाचचा. दुपार नाही. चिखल नाही. कोपऱ्यात दोन माणसं, ती फक्त देऊळ किती मोठं हे कळावं म्हणून.

तेव्हा पोरी, तुझ्या आभाळातले ते खाल्लेले टिपके मला जास्त आवडले असते. स्कॅन टाक.

पेडणेकरीण

नाना, फक्त विकायचंच काम केलं का छापानं? वाचवलं काहीच नाही?

मला शाळेत असताना अमेरिकेतल्या यलोस्टोनची गोष्ट कुणीतरी सांगितली होती. मग शोधून वाचलं. थॉमस मोरान हा चित्रकार १८७१ मध्ये हेडन या भूवैज्ञानिकाच्या सर्वेक्षणाबरोबर तिथं गेला, सोबत फोटोग्राफर जॅक्सन होता. त्यांची चित्रं आणि फोटो तिथल्या संसदेच्या, म्हणजे अमेरिकी काँग्रेसच्या, सभासदांपुढं ठेवले गेले, आणि १ मार्च १८७२ ला राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला. ज्या जागेवर बहुतेकांनी पाय ठेवला नव्हता ती केवळ बघून राखली.

भिंगवाला

बरोबर. आणि त्यातली खरी गंमत ऐका. मोराननं यलोस्टोनची पहिली चित्रं केली ती तिथं जायच्या *आधी*. एका मासिकाला १८७१ च्या मे-जून अंकांत लेख छापायचा होता, तिथं जाऊन आलेल्यांची ओबडधोबड रेखाटनं आली, ती लाकडावर कोरण्याजोगी करायचं काम याच्याकडे. न पाहिलेली जागा त्यानं लोकांना दाखवली, आणि मग स्वतः बघायला गेला.

दुसरी बाजूही आहे. त्या दऱ्यांत शोशोनी, बॅनक, क्रो वगैरे लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा वावर होता. माणूस नसलेलं रान म्हणून ती जागा गाजली, आणि पुढं तशीच करण्यात आली. आधी चित्रातून माणसं गेली, मग जमिनीवरून.

खाजनकर

बरं झालं हा मुद्दा निघाला, मी कधीचा दात-ओठ खात वाचतोय.

आमचं खाजन तिसवाडीत. माझे वडील बांधावर चिखल थापत म्हातारे झाले. खाजन हा "निसर्ग" नव्हेच. ती माणसानं केलेली वस्तू आहे, पलंगासारखी. दोन वर्षं कुणी बांध बघितला नाही, खेकड्यांनी भोकं पाडली, एका मोठ्या भरतीला खिंडार पडलं की आत खारं पाणी, आणि मग तिवर, म्हणजे खारफुटी. लोक त्या तिवरांचे फोटो काढतात, "किती हिरवंगार!" आमच्या पोटात कालवाकालव होते. तिवर बांधाच्या बाहेर हवी, लाटेचा मार खायला. आत आली म्हणजे शेत मेलं.

तांबेरा, तुमचं चित्र न बघताच बोलतोय, राग मानू नका. तुम्ही जे मानस काढलंत ते चालू होतं का मोडकं? दारांना कोण बघतं? आणि त्या गावातल्या एखाद्या माणसाला तुम्ही ते चित्र दाखवलंत का? पणजीच्या बायकांनी माड विचारला याचं तुम्हाला वाईट वाटलं. पण गावानं काय विचारलं असतं?

आणखी एक. ते नायट्रिक वापरून झालं की ओतता कुठं?

तांबेरा

@खाजनकर, राग नाही, पण उत्तर नाही माझ्याकडे. मानस चालू होतं एवढं ठाऊक. गावात कुणाला दाखवलं नाही. खरं सांगायचं तर डोक्यातच आलं नाही.

ॲसिडचं: धुण्याचा सोडा थोडा थोडा घालत फेस यायचा थांबेपर्यंत मारते. खाली जो पांढुरका गाळ बसतो तो ओतत नाही, जस्त असतं त्यात. बरणीत साठवतेय. चार बरण्या झाल्यात. पुढं त्यांचं काय करायचं ते कुणी नीट सांगेल तर उपकार होतील.

नायट्रिकनाना

माझ्या उमेदीत आम्ही सरळ मोरीत ओतायचो. लिहिताना बरं वाटत नाही, पण ओतायचो. निसर्गचित्रं काढून झाली की.

जस्तासाठी मोरचूद आणि मीठ पाण्यात घालून बघ. वाफा नाहीत, रेघ जरा खरबरीत येते. उरलेलं पाणी मात्र तेही ओतायचं नाही, तांबं असतं. बरण्या चुकत नाहीत.

सडेफटिंग

पेडणेकरीण यांच्या प्रश्नाला गोव्यातलंच उत्तर आहे की. २०२० मध्ये मोलेच्या अभयारण्यातून रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्गाचं रुंदीकरण आणि वीजवाहिनी येणार म्हटल्यावर टाळेबंदीत बसलेल्या पोरापोरींनी किती चित्रं काढली! गवा, धनेश, बेडूक, ओढे. कुणी लिनोवर (लिनोलियमच्या तुकड्यावर) कोरून, कुणी टॅबवर. रस्त्यावर उतरायची सोय नव्हती तर चित्रं उतरली. मला मोलेतला एक पतंग त्या चित्रांतून पहिल्यांदा कळला, आणि मी स्वतःला जाणकार म्हणवतो. त्यात दूधसागर होताच, पण पहिल्यांदाच तो एकटा नव्हता.

दर्यावर्दी

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रेल्वेच्या कामाची वन्यजीव मंजुरी रद्द केली, ती काही चित्रं बघून नव्हे. समितीचा अहवाल होता, वकील होते, कागद होते. चित्रांनी रान वाचवलं असं म्हणून त्या लोकांची मेहनत झाकू नका.

पेडणेकरीण

कुणी झाकत नाहीये. पण माझ्या सासूबाई, ज्या मोलेला फक्त "घाटात जाताना लागतं ते" म्हणायच्या, त्यांनी बेडकाचं एक चित्र फोनवर जपून ठेवलंय. न्यायालयाच्या कागदांतलं एक पानही नाही ठेवलेलं.

उगीचच

बेडकाचं? फोटो टाका.

तांबेरा

आठवडाभर गायब होते. कारण खाजनकर यांचा प्रश्न दातात अडकलेल्या सुपारीसारखा सलत होता. रविवारी चित्र पिशवीत घालून परत खाजनात गेले.

मानशीची दारं बघणारे एक आजोबा आहेत, मी चित्र काढत बसायचे तेव्हाही दिसायचे, लांबूनच मान हलवायचे. त्यांना चित्र दाखवलं. चष्मा नव्हता, हात लांब करून बघितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बोट ठेवून म्हणाले, "न्हंय दावे वटेन कशी आयली गो?"

मी गारच पडले. नदी डावीकडे. अर्थात! प्लेटवर मी समोर बघून जशीच्या तशी उजवीकडे काढली होती, छापल्यावर उलटली. एचिंग करणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या दिवशी शिकवतात. मला वाटलं होतं, काय फरक पडतो? शेत ते शेत, नदी ती नदी. पणजीत दोनशे माणसांनी बघितलं, एकालाही कळलं नाही, मलासुद्धा खटकलं नव्हतं. आजोबांना मात्र ते चित्र म्हणजे आपलं घर कुणीतरी आरशात बांधल्यासारखं दिसलं. बांधावर कुठल्या बाजूनं चालत यायचं, लाट कुठून लागते, सगळं उलटं.

मी समजावून सांगितलं, प्लेट, कागद, उलट. त्यांनी ऐकून घेतलं. मग पुन्हा चित्राकडे बघितलं आणि म्हणाले, "आनी हांगा माड आसा न्हय? तो खंय गेलो?"

मंडळी, तिथं माड *आहे*. मानशीच्या शेजारी, बांधाच्या टोकाला, एकुलता एक, जरा नदीकडे झुकलेला. मी तो गाळला होता. मुद्दाम. पोस्टकार्ड होईल म्हणून.

खाजनकर

😄 तो माड कुणीतरी लावलेला असणार. बांधावर आपोआप उगवत नाही. विचारलंत का?

तांबेरा

विचारलं. त्यांच्या वडिलांनी. रात्री भरतीच्या वेळी होडीतून येताना मानस कुठं आहे ते कळावं म्हणून. होडी बांधायलाही तोच. झुकलाय तो दोरानं.

भिंगवाला

म्हणजे तूही हातोडा चालवलास. गिल्पिननं सुचवला होता, तू चालवलास.

तांबेरा

हो. धागा काढताना मी कुणाकुणावर खापर फोडत होते ते वाचून आता कानशिलं गरम होतायत.

दर्यावर्दी

मला मात्र मनापासून बरं वाटतंय. माडाची बदनामी थांबवा.

नायट्रिकनाना

उलटण्याचं फार मनाला लावून घेऊ नकोस. रेम्ब्रांनं १६४० च्या सुमारास केलेलं ॲमस्टरडॅमचं दृश्य छापात उलटंच आहे. अमेरिकी चित्रकार व्हिसलरनं १८७९-८० मध्ये व्हेनिसला जाऊन केलेली एचिंग्जही तशीच, समोर बघून थेट प्लेटवर काढलेली. बाहेर बसून प्लेटवर काढायची मजाच ती, हात आणि डोळा यांच्या मधे काही नाही. मोरानची बायको मेरी निम्मो मोरान हीसुद्धा उघड्यावर बसून सरळ प्लेटवर काढायची, आणि माझ्या मते एचिंगमध्ये ती नवऱ्याच्या पुढे होती. जपानी लाकडी ठशांत हा प्रश्न येत नाही. पातळ कागदावरचं चित्र पालथं चिकटवून त्यावरूनच कोरतात, छापलं की सुलट. होकुसाईचा फुजी डोंगर जागच्या जागी.

पण एक आहे. ॲमस्टरडॅमच्या एखाद्या होडीवाल्यानं रेम्ब्रांला विचारलं असेल का, नदी इकडं कशी आली म्हणून? विचारलं असेलच. लिहून ठेवायला कुणी नव्हतं.

तुला सुलट हवं असेल तर ट्रेसिंग पालथं घालून ग्राउंडवर उतरव, आणि काढताना आरसा समोर ठेव. जुना उपाय आहे. मान दुखते.

सडेफटिंग

मला वेगळंच सुचतंय. प्रिंटमेकर कृष्णा रेड्डींचं 'व्हर्लपूल' (१९६३) पाहिलंय का कुणी? एकाच प्लेटवर कमी-जास्त पातळ शाया, मऊ आणि कडक रूळ, सगळे रंग एका दाबात. त्यात पाणी आहे आणि काठ नाही, क्षितिज नाही, डावं-उजवं नाही. बघणारा बाहेर उभाच नाही, आत आहे. माझा सडा कुणीतरी तसा करावा असं मला फार वाटतं. गुडघ्यावर बसल्यावर जसा दिसतो तसा.

नायट्रिकनाना

कुणीतरी कशाला? ये म्हापशाला. रूळ आहेत माझ्याकडे, एक मऊ, एक कडक. गुडघे मात्र तुझे तू आण.

पेडणेकरीण

तांबेरा, आजोबांना प्रत दिलीत का?

तांबेरा

देऊ केली. घेतली नाही. "सारकी करून हाड," म्हणाले. म्हणजे नीट करून आण.

नवी प्लेट घेतलीय, तेवढीच, बारा बाय नऊ. नानांच्या सांगण्याप्रमाणे ट्रेसिंग पालथं घातलं, आरसा लावला, मान दुखतेय. काल संध्याकाळी पहिला बाईट दिला, चार मिनिटं, कोंबडीच्या पिसानं बुडबुडे सारत. ओहोटीच्या वेळची पाण्याची रेघ जरा जास्तच खोल गेलीय. ती दारांच्या खालून निघते तिथं शाई भरली की काळीभोर येईल. तसं पाणी तिथं असतं की नाही ते आता आजोबांनाच विचारायला हवं.

या वेळी आभाळ चांगलं धरलंय. एकही टिपका नाही, त्यामुळं थोडं रिकामं वाटतंय.

उगीचच

आणि माड?

तांबेरा

आहे. उजवीकडे, दोराच्या वळासकट. तो काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

दर्यावर्दी

दोन प्रती माझ्या दुकानासाठी बाजूला ठेवा. उन्हाच्या भिंतीवर लावणार नाही.